अक्कासाठी उतरलेलं वजन

मी जळकी बाई आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाला धक्का नको. चकल्या-लाडवांच्या दिवसांत निघणाऱ्या अंकात माझ्यासारखीनं लिहावं हा संपादकांचा विनोद असणार, पण त्यांनी मागितलं आणि मी हो म्हणून बसले. माझं आयुष्य नांदेडात लोकांचं वजन उतरवण्यात गेलं. आधी एका खासगी दवाखान्यात, मग शिवाजीनगरात भाड्याच्या एका खोलीत. पाटीवर 'आहारतज्ज्ञ' लिहिलेलं, पण शहरातले लोक 'डाएटवाल्या मॅडम' म्हणायचे, आणि खेड्यातून येणाऱ्या म्हाताऱ्या सरळ 'ती उपाशी ठेवणारी बाई कुठं बसती?' असा पत्ता विचारायच्या. मी कधी कुणाला उपाशी ठेवलं नाही. उपाशी ठेवायला शिक्षण लागत नाही.

हा धंदा म्हणजे खरं तर दोन कामं. एक, विचारणं. दुसरं, वाट बघणं. मी विचारायची, 'काल सकाळपासून काय काय खाल्लं?' आणि समोरचं माणूस, मग तो प्राध्यापक असो की भाजीवाली, एकच उत्तर द्यायचं, 'काहीच नाही मॅडम, दोन टायमाला भाकर.' मग मी हळूहळू उकरायची. चहाबरोबर काय? खारी. किती वेळा चहा? येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर होतो. दुपारी? शेंगदाणे, मूठभर. लेकराच्या ताटात उरलेलं? ते काय टाकून द्यायचं का! शेजारणीनं दिलेली वाटी, देवळातला शिरा, भाजीवर तरंगणारं तेल. बिचारी ज्वारीची भाकर उगाच बदनाम होते. सगळी चोरी भाकरीच्या आजूबाजूला चालते.

उपायही काही जादूचा नाही. ताटात भाजी जास्त, तेल कमी, रोज डाळ नाहीतर उसळ, रात्रीचं जेवण लवकर, आणि अंगाला घाम सुटेपर्यंत चालणं. रोज. या 'रोज'पाशीच गाडी अडते. एक आठवडा तर कुणीही करतं. वजन उतरताना इतकं सावकाश उतरतं की माणसाचा माझ्यावरचा विश्वास आधी उतरतो. वजन नाही उतरलं तर दोष माझा. उतरलं तर श्रेय दुसऱ्याचंच. इथूनच माझी जळजळ सुरू झाली.

बिलोलीच्या एक शाळामास्तरीण होत्या. त्यांचे उपास इतके की जेवायचे वार शोधावे लागायचे. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. आणि दर उपासाला साबुदाण्याची खिचडी, वर तुपाची धार, संध्याकाळी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. आपल्याकडं ही चूक घरोघरी होते. उपास म्हटलं की माणूस नेहमीपेक्षा जास्त जेवतो आणि वर म्हणतो, आज पोटात काही नाही. त्यांना उपास सोडा म्हणाले असते तर त्या मलाच सोडून गेल्या असत्या. मी उपासाला हात लावला नाही, नुसतं ताट बदललं. ताक, काकडी, राजगिऱ्याची भाकर, एखादं फळ, आणि संध्याकाळी देवळापर्यंत पायी. वर्षभरात बाई अर्ध्या झाल्या. मग काय केलं, तर सत्यनारायण घातला आणि सगळ्या बिलोलीला सांगितलं, गुरुवारचा उपास फळला. मला प्रसादाला बोलावलं होतं. गेले, आणि देवाच्या फोटोकडं बघून मनात म्हणाले, घ्या, तुम्हीच घ्या श्रेय.

देवावर जळून काही मिळत नाही. माणसावर जळलं की निदान झोप तरी उडते. हिमायतनगरचे एक कापडवाले हाजीसाहेब बायकोला घेऊन यायचे. बाई चांगल्या जड, गुडघे गेलेले, आणि हाजीसाहेब स्वतः वाळक्या शेंगेसारखे. मी सगळं बाईंना समजावून सांगायची, हे शेजारी बसून कान देऊन ऐकायचे. पुढच्या खेपेला बघते तर हाजीसाहेब आणखी वाळलेले. विचारलं, तुम्हाला काय झालं? म्हणाले, 'मॅडम, ये जो खाती, मैं बी वोईच खातूं. अकेली कैसी खाएगी?' रमजानमध्ये रोजा सोडताना घरात भजे यायचे ते त्यांनी बंद केले, फळं आणायला लागले. पहाटेच्या नमाजानंतर दोघं शेताच्या रस्त्यानं चालायचे, बाई दमल्या की हे थांबायचे. बाईंचं वजन उतरलं, गुडघे हलके झाले. मला त्या बाईचा इतका हेवा वाटला की एकदा काही कारण नसताना मी तिला चहातल्या साखरेवरून झापलं.

हेवा का वाटला ते सांगते. माझ्या घरात बापूराव होते.

बापूराव म्हणजे आमचे मालक. रेल्वेच्या डिव्हिजन ऑफिसात नोकरी, गडी दिलदार, ऑफिसभर दोस्त, आणि पोट असं की घरात आधी ते शिरायचं आणि मागून हे. मी घरी करीन ते मुकाट जेवायचे, नावं ठेवायचे नाहीत, आणि ऑफिसच्या वाटेवर मिरचीची भजी खाऊन माझं सगळं धुऊन काढायचे. दोस्तांना म्हणायचे, आमच्या घरी दवाखान्याचं जेवण मिळतं. दोस्तांच्या बायका माझ्याकडं यायच्या, बारीक व्हायच्या, आणि लग्नकार्यात माझ्या नवऱ्याकडं बघून हसायच्या. एक तर तोंडावर म्हणाली, 'मॅडम, दिव्याखाली ते तसलं असतंय बघा.' त्या दिवशी मी पंगतीतून अर्ध्या जेवणावरून उठले.

पंचवीस वर्षं मी त्या माणसाच्या मागं लागले. गोड बोलून बघितलं, अबोला धरला, त्यांच्या साखरेचे रिपोर्ट आरशाला चिकटवले. एकदा छातीत कळ आली. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, वाटेत मी सगळे देव आठवले. निघाला गॅस. घरी आल्यावर मी त्यांचे पाय धरून रडले. म्हटलं, माझ्यासाठी करा हो, दुसरं काही मागत नाही. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, 'मंगल, खाऊ दे गं. एवढंच तर सुख हाय.' त्यानंतर मी घरातला वजनकाटा माळ्यावर टाकला.

आता अक्का. बापूरावांची थोरली बहीण, लातूरला असते. आई गेली तेव्हा बापूराव पाळण्यातून नुकते उतरलेले आणि अक्का परकर घालणारी पोर. तिनं शाळा सोडली आणि भाऊ वाढवला. भाकरी थापायला शिकली ती याला खाऊ घालायला. तिचं लग्न ठरलं तेव्हा अट काय घातली, तर भाऊ माझ्याजवळ राहील. नवऱ्यानं मान्य केलं, देवमाणूस होता, पुढं लवकर गेला. अक्काला एक मुलगी, ती उदगीरला दिलेली. तर माझ्या लग्नात सासू नव्हती म्हणून मैत्रिणी म्हणाल्या, सुटलीस. कशाची सुटते! भाजीत मीठ बरोबर पडलं तर 'अक्कासारखं झालंय', नाही पडलं तर 'अक्का काय घालते गं यात?' माझ्या संसारात ती कधी राहायला आली नाही, तरी कधी गेलीही नाही. स्वभावानं वाईट असती तर बरं झालं असतं. तिच्यात नाव ठेवायला जागा नव्हती, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

या अक्काच्या दोन्ही किडन्या गेल्या. बीपी अंगावर काढलेलं. लातूरला डायलिसिस सुरू झालं. म्हणजे किडनीचं काम मशीन करतं, हातातून रक्त काढून, धुऊन परत घालतं. आठवड्यातून दोन-तीनदा अर्धा दिवस पडून राहायचं. पाणीसुद्धा मोजून प्यायचं. अक्का बर्फाचा खडा जिभेवर ठेवून तहान मारायची. हळूहळू तिला मशीनही झेपेना. डॉक्टरांनी सांगितलं, कुणाची किडनी मिळाली तर आयुष्य आहे, असं जास्त दिवस चालायचं नाही. मुलीचा रक्तगट जुळेना. बापूरावांचा जुळला.

आपल्याकडचे लोक अशा मोठ्या कामाला हैदराबादला जातात, तसे आम्हीही गेलो. तिथल्या डॉक्टरांनी बापूरावांना नखशिखांत तपासलं आणि काट्यावर उभं केलं. म्हणाले, किडनी चांगली आहे, पण एवढ्या वजनावर आम्ही हात लावणार नाही. साखरही काठावर आहे. वजन उतरवून या, मग बघू. मी मनात टाळ्याच वाजवल्या. हा माणूस आणि वजन उतरवणार! माझ्या घरातली चीज माझ्या घरातच राहणार होती.

परतीच्या गाडीत वडेवाला आला. बापूराव खिडकीबाहेर बघत राहिले. वडेवाला त्यांच्या ओळखीचा निघाला, पुन्हा पुन्हा विचारू लागला. यांनी नुसता हात हलवला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, 'मंगल, तू सांगशील ते खातो. सांगशील तेवढं चालतो. फक्त लवकर कर.'

पंचवीस वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघितली ते हे वाक्य. आणि ते माझ्यासाठी नव्हतं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. अंगाचा भडका झाला. मी पाय धरले तेव्हा सुख आडवं आलं, आणि अक्काचं नाव निघताच सुख चालत्या गाडीतून बाहेर. नांदेड येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. त्यांना वाटलं, मी मनात डाएटचा विचार करून राहिले.

माळ्यावरचा काटा खाली आला. त्यानंतरचे महिने मी माझ्या सगळ्या धंद्यातला सगळ्यात चांगला पेशंट बघितला, आणि तो माझा नवरा होता. पहाटे उठून नदीच्या काठानं चालायला जायचे. आधी धापा टाकत, मग भरभर. भाकर अर्धी केली, भाजीची वाटी दुप्पट, उसळ, ताक, काकडी. ऑफिसात भज्यांची पुडी फिरली की उठून जिन्यावरून दोन चकरा मारायचे. सणाला पुरणपोळी केली नाही तर म्हणाले, बरं केलंस. शर्ट ढिले पडले, गळ्याचं हाड दिसायला लागलं, लग्नातल्या फोटोतला पोरगा मधूनच चेहऱ्यावर यायचा. माझ्या खोलीपुढं रांग लागली. डिव्हिजन ऑफिसातले सगळे पोटवाले, 'आम्हालाही साहेबांसारखं करा' म्हणत आले. आणि साहेब? कुणी कौतुक केलं की म्हणायचे, अक्काची कृपा.

मला कळेना मी काय करून राहिले. दिवसभर लोकांना शिकवायचं ते संध्याकाळी घरी मन लावून करायची, कारण काम वाईट करणं मला जमत नाही. पण त्यांचा कमरेचा पट्टा एक घर आत गेला की मी त्यांच्या कुशीकडं बघायची. मी या माणसाला बारीक करते ते कशासाठी, तर त्याला टेबलावर आडवं घालून, चिरून, त्यातलं काढून तिला देण्यासाठी. डॉक्टरांनी समजावलं होतं की एका किडनीवर माणूस चांगला जगतो. पुस्तकात मीही तेच शिकले होते. पण पुस्तकातल्या माणसाशी माझं लग्न झालेलं नव्हतं. देवापुढं दिवा लावताना मी म्हणायची, अक्काला बरं कर, पण दुसरं कुणाचं तरी मिळू दे.

आणि मग वजन अडलं. अगदी थोडं राहिलं असताना अडलं. तसं ते अडतंच, शरीर हट्टी असतं, मी पेशंटांना तेच सांगते. पण हे वेगळं होतं. आठवडाभर उतरायचं आणि सोमवारी परत जागेवर. रविवारी बापूराव लातूरला जायचे, अक्काजवळ बसायला. मी नेहमीचा प्रश्न विचारला, काल काय काय खाल्लं? म्हणाले, काहीच नाही, दोन टायमाला भाकर. एवढी वर्षं हे उत्तर ऐकलंय मी. वाटलं, अहमदपूरच्या स्टँडवर उतरून काही खात असतील. मी धरून बसले. शेवटी मान खाली घालून म्हणाले, 'अक्का वाढते गं. तिला स्वतःला काही खाता येत न्हाई. उठवत नसताना उठून करते. तिच्या ताटाला न्हाई कसं म्हणू?'

माझ्या शब्दाला मात्र यांना बरोबर नाही म्हणता यायचं! त्या रागात मी पुढच्या शनिवारी यांना माहेरी चालले असं सांगून एकटीच लातूरची बस पकडली. लोहा, अहमदपूर, चाकूर, सगळा रस्ता मी अक्काला काय काय सुनवायचं ते जुळवत गेले. एवढ्या वर्षांचं साठलेलं होतं, रस्ता कमी पडला.

दार उघडं होतं. अक्का स्वयंपाकघरात पाटावर बसून शेंगांच्या पोळ्या लाटत होती. भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट, गूळ, वेलची, शेजारी तुपाची वाटी. उद्याच्या रविवारची तयारी. डायलिसिससाठी केलेली हातावरची शीर दोरीसारखी फुगलेली, तोंडावर सूज, आणि लाटणं थांबून थांबून फिरत होतं. मला बघून म्हणाली, 'ये गं मंगल. एकटीच कामून आलीस?'

मी बसलेसुद्धा नाही. सगळं बोलून घेतलं. म्हटलं, त्या माणसानं माझ्यासाठी कधी एक भजं सोडलं नाही, तुमच्यासाठी सगळं सोडलं, उन्हातान्हात चालतोय, ऑफिसात लोक खातात तेव्हा जिन्यात जाऊन उभा राहतो, आणि तुम्हीच त्याच्यावर तूप ओतताय. तुम्हाला कळतं तरी का, वजन उतरलं नाही तर ऑपरेशन होणार नाही?

अक्कानं लाटणं खाली ठेवलं. म्हणाली, 'कळतंय की. म्हणून तर करू लागले.'

म्हटलं, म्हणजे?

'त्यो मला न्हाई म्हणणार न्हाई,' ती म्हणाली. 'मी नको म्हणलं तरी ऐकणार न्हाई. हट्टी हाय, मीच केलाय तसा. डॉक्टर म्हणतो वजन उतरलं तरच. मग मी काय करू मंगल? मला दुसरं काय येतंय? वाढायचं येतंय.' मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, 'माझ्या हातानं भरवून मोठं केलंय. आता त्याच्याच पोटातलं काढून घेऊ? माझं झालंय सगळं बघून. आणि तुला तर बरंच वाटंल असं वाटलं मला. तू बी देवाला हेच मागत असशील.'

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. हिनं मला आरपार बघितलं होतं, आणि तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. खरंच मी तेच मागत होते. माझं मागणं तिनं स्वतः पुरं करायला घेतलं होतं, फुगलेल्या हातानं, स्वतःच्या जिवावर. आणि मला काही करायचंच नव्हतं. गप बसायचं, चहा प्यायचा, संध्याकाळची बस धरायची. वजन जागेवर राहिलं असतं, किडनी जागेवर राहिली असती, आणि मला कुणी बोट लावलं नसतं.

पण मग माझ्या डोळ्यांपुढं पुढचं आलं. अक्का गेलेली आहे. भिंतीवर तिचा फोटो, फोटोला हार. बापूराव त्या फोटोपुढं बसलेले, वर्षानुवर्षं, आणि मी मागं उभी. जिवंत अक्काशी माझी इतकी वर्षं लढाई चालली होती, कधी मी वर, बहुतेक वेळा ती. मेलेल्या अक्काला कोण हरवणार? तिच्या भाजीत तर मग कधीच मीठ कमी पडणार नाही.

मी तिला तसंच सांगितलं, काही लपवलं नाही. म्हटलं, 'अक्का, तुम्ही गेलात तर हा माणूस कायमचा तुमचा होऊन बसेल. माझ्या वाट्याला काहीच उरणार नाही. तुम्ही जगा. म्हणजे मला तुमच्यावर जळता तरी येईल.'

अक्कानं पोळपाट बाजूला सारला. मग हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला, पाणी पिता येईना, मी बर्फाचा खडा आणून दिला. तो तोंडात धरून म्हणाली, 'बया बया, किती जळतीस गं!' आणि मग रडली. मी लग्न करून आल्यापासून पहिल्यांदाच आम्ही दोघी एका खोलीत बापूरावांशिवाय एवढा वेळ बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी बापूराव आले, मला तिथं बघून चपापले. अक्कानं सवयीनं त्यांच्यापुढं ताट ठेवलं, शेंगांची पोळी, वर तूप. मी ते माझ्यापुढं ओढून घेतलं आणि माझं ताट, भाकर आणि दोडक्याची भाजी, त्यांच्यापुढं सरकवलं. मी त्या पोळ्या खाल्ल्या. सगळ्या खाल्ल्या. आणि कबूल करायला जीव जातो, पण त्या माझ्यापेक्षा चांगल्या होत्या.

मी नांदेडातल्या माझ्या खोलीला कुलूप लावलं आणि लातूरलाच राहिले. अक्काचं पथ्य माझ्या हातात घेतलं. किडनीच्या पेशंटचं जेवण म्हणजे वेगळंच शास्त्र, भाज्या चिरून पाण्यात ठेवायच्या, उकळून ते पाणी फेकून द्यायचं, शहाळं नको, केळं नको, टमाटा जपून. रविवारी बापूराव यायचे, मी वाढायची, अक्का बघत बसायची. तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी ओळखत होते. तो माझा रोजचा चेहरा होता. इतकी वर्षं माझ्याकडं असलेली गोष्ट तिच्याकडं गेली याचा मला, खरं सांगते, थोडा आनंद झाला.

वजन उतरलं. साखर उतरली. हैदराबादला किडनी द्यायची परवानगी देणाऱ्या समितीनं बायको म्हणून मलाही समोर बसवलं आणि विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का, तुम्ही मनापासून तयार आहात का? दबाव नाही म्हणाले. मनापासून का, तर मनातलं सगळं सांगत बसले असते तर संध्याकाळ झाली असती. हो म्हणाले.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी आम्हाला समजावलं होतं की नवी किडनी लागली की नाही हे लघवीवरून कळतं. लघवी सुरू झाली की समजा काम झालं. बापूराव बऱ्याच वेळानं शुद्धीवर आले. मी उशाशी बसलेली. ओठ हलले म्हणून कान जवळ नेला. आजूबाजूच्या खाटांवरचे लोक डोळे उघडल्यावर आई म्हणत होते, बायकोचं नाव घेत होते. हे म्हणाले, 'अक्काला लघवी झाली का?'

मी म्हटलं, झाली. पिशवी भरली. ते हसले आणि परत झोपले. मी तिथंच खुर्चीत ओक्साबोक्शी रडले. नर्सबाईंना वाटलं, आनंदानं. होताच तो आनंद, पण त्यात ठसका होता.

आता अक्का बरी आहे. नवी किडनी टिकवायच्या गोळ्यांनी भूक खवळते, तोंड गोल झालंय, वजन वाढायला लागलंय, म्हणजे ती आता रीतसर माझी पेशंट झाली. तिला विचारते, काल काय खाल्लं, तर म्हणते, 'मी न्हाई खात गं, तुझ्या नवऱ्याची किडनी मागून राहिलीय.' डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलंय. एकटीला कंटाळा येतो म्हणून बापूरावांनी तोड काढली. हे पहाटे नांदेडात नदीकाठानं चालतात, ती त्याच वेळी लातूरला तिच्या कॉलनीत चालते, आणि दोघं फोनवर बोलत असतात. भेंडी कशी झाली, पोरीचा फोन आला का, अमक्याचं लग्न ठरलं का. बापूरावांचं वजन उतरलेलं ते उतरलेलंच आहे. वाढलंय ते माझं. मी इतकी वर्षं लोकांना चालवलं, स्वतः खुर्चीत बसून. आता मीही जाते, पण यांच्या पावलाला पाऊल लागत नाही. हे पुढं, कानाला फोन, हसून राहिलेले. मी मागं, माझ्या वाट्याला यांची पाठ आणि अर्धं बोलणं.

परवा असाच दम लागला. मी हाक मारली नाही, हाक मारायची नाही असं ठरवलंच होतं. कसं कळलं कोण जाणे, हे थांबले, वळून बघितलं आणि फोनमध्ये म्हणाले, 'अक्का, थांब गं जरा. मंगल मागं राहिली.'

आणि थांबले. तिकडं लातूरला अक्काही थांबली असणार, कारण फोनमधून तिचा आवाज मला इथवर ऐकू आला, 'येऊ दे, येऊ दे तिला सावकाश.' दोन गावांतल्या दोन रस्त्यांवर ती दोघं माझ्यासाठी उभी होती.

मग मी मुद्दाम आणखी हळू चालले.